टॉवरची भीती आणि पाठीवरचा गळका पंप

प्रश्न: आम्ही कवठेमहांकाळ तालुक्यातले, तीन एकर द्राक्षबाग आहे. गावात शाळेजवळ मोबाइलचा टॉवर बसतोय. ग्रामसभेत सगळ्यांनी विरोध केला. किरणांनी कॅन्सर होतो, बागेचं सेटिंगही (फुलोऱ्यातून मणी धरणं) बिघडतं, असं लोक म्हणतात. त्यातच वडिलांना (वय ६१) चार महिने कोरडा खोकला आहे, चढ चढताना दम लागतो. छातीच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितलाय. आई नकोच म्हणते. एका स्कॅनमध्ये शेकडो एक्स-रेंची किरणं असतात, असं तिला कुणीतरी सांगितलंय. वडील तीस वर्षं स्वतःच फवारतात. विडी-तंबाखू काही नाही. पाठीवरचा पंप जरा गळतो एवढंच, बाकी औषधांचा त्यांना कधी त्रास झालेला नाही. टॉवर आणि स्कॅन, दोन्हींचं खरं काय ते सांगा.

उत्तर:

तुमच्या पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. पंपाचं. त्याच्याकडे येतोच. आधी विचारलंत ते बघू.

टॉवर. आपण ‘किरणं’ हा एकच शब्द सगळ्याला वापरतो आणि घोटाळा तिथंच होतो. एक्स-रेची, कोबाल्टची, युरेनियमची किरणं अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावतात, त्यातून पेशीतला डीएनए तुटू शकतो. कॅन्सरची भीती तिथं खरी आहे. टॉवरच्या लहरी मात्र रेडिओच्या भावकीतल्या. आकाशवाणीचं सांगली केंद्र त्याच भावकीतल्या लहरी वर्षानुवर्षं सोडतंय आणि त्यावरची गाणी ऐकत आपल्या दोन पिढ्यांनी छाटण्या केल्यात. या लहरींत इलेक्ट्रॉन उडवायची ताकदच नाही. फार तीव्र असल्या तर ऊब देतात. ती ऊबही कळू नये इतकी खाली मर्यादा ठेवलेली आहे. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या देशात आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर टॉवर चालवावे लागतात. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी ही मर्यादा चौरस मीटरला ०.४५ वॅट आहे. जतच्या माळावर दुपारी बाराचं ऊन चौरस मीटरला हजार वॅटच्या घरात असतं. ऊन वेगळं आणि ही लहर वेगळी हे मान्य, पण आकड्यांमधलं अंतर बघा.

२०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने या लहरी ‘कदाचित कॅन्सरकारक’ गटात टाकल्या. तेच कात्रण ग्रामसभेत फिरत असणार. त्या गटाचा अर्थ ‘पुरावा तोकडा आहे, दार बंद करता येत नाही’ एवढाच. चीन-जपानकडच्या पद्धतीच्या आंबवलेल्या भाज्याही त्याच गटात आहेत. शिवाय टॉवर लांब असला की कानाशी धरलेला फोन जास्त जोर लावतो. म्हणजे टॉवर हाकलून डोक्याला मिळणारी मात्रा उलट वाढते. जनरेटरचा आवाज, डिझेलचा वास, जागेचे वाद या तक्रारी खऱ्या असतात, त्यासाठी जरूर भांडा. (टॉवरचं भाडं ज्याच्या घरात जातं त्याला किरणं कधी लागत नाहीत, शेजाऱ्यालाच लागतात, हेही मी पाहिलंय.) केंद्र सरकारच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर तुमच्या भागातला टॉवर नियमात आहे का ते बघता येतं, मोजणीची मागणीही करता येते.

सेटिंग बिघडतं ते फुलोऱ्यातल्या पावसानं, ढगाळ हवेनं. गळकूज (फुलोरा गळणं, कुजणं) टॉवर नव्हता तेव्हाही होती. आणि किरणांचं पिकाशी वाकडंच असतं असं नाही. आपल्याकडे उन्हाळी भुईमुगाचं टॅग-२४ वाण कित्येकांनी केलंय. ते भाभा अणुसंशोधन केंद्रात, किरणं देऊन घडवलेल्या वाणांच्या संकरातून आलेलं आहे. त्याच्या शेंगा भाजून खाताना कुणी मीटर लावत नाही, लावायची गरजही नाही.

आता आईंच्या भीतीचं. त्यांना सांगणारा अगदीच खोटं बोलत नव्हता, म्हणून त्यांना वेड्यात काढू नका. छातीच्या साध्या एक्स-रेला ०.१ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं माप) किंवा त्याहून कमी मात्रा लागते, छातीच्या सीटीला साधारण ६. म्हणजे साठ एक्स-रे तरी झालेच. पण मुळात ०.१ म्हणजे किती? माती, हवा, अन्न, आकाश यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट फुकट मिळतात. आपला काळा बेसॉल्ट युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीब, त्यामुळे जमिनीतून येणारा वाटा दक्षिणेतल्या ग्रॅनाइटच्या मुलखापेक्षा आपल्याला कमीच मिळतो. केरळात करुणागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची, म्हणजे थोरियम असलेली वाळू आहे. तिथल्या काही वस्त्यांना आपल्या कितीतरी पट मात्रा जन्मापासून मिळते. तिथल्या जवळजवळ सत्तर हजार लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून २००९ साली निष्कर्ष छापले गेले. त्या किरणांमुळे कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही.

तरी स्कॅनचा धोका शून्य धरू नये. १० मिलिसिव्हर्टला दोन हजारांत एकाला कधीतरी त्यापायी जीवघेणा कॅन्सर, असा ढोबळ हिशेब डॉक्टर धरतात. एकसष्टीच्या माणसाला त्याहून कमी, लहान मुलाला जास्त. एरवी, काहीही न करता, आपल्या देशात आयुष्यभरात नऊ माणसांत एकाला कॅन्सर होतो. आणखी एक. किरणं अंगात ‘राहत’ नाहीत. बटण बंद केल्यावर दिव्याचा उजेड खोलीत उरतो का? तसंच. चार महिन्यांचा कोरडा खोकला आणि दम असलेल्या माणसाचा स्कॅन किरणांच्या भीतीनं टाळणं म्हणजे डुक्कर उसात शिरलेलं असताना बॅटरीचे सेल वाचवणं. स्कॅन करून घ्या, आणि याच आठवड्यात.

किरणांना मी सोवळं ठरवत नाही. २०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा स्रोत उघडा पडला, त्यात एक कामगार दगावला, बाकीचे भाजले. बेवारस किरणं माणूस मारतात. म्हणून तर ती बेवारस सोडत नाहीत. स्कॅन करणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर किरणं मोजणारा एक छोटा बिल्ला दिसेल. तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. त्याचा आकडा वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टच्या वर गेला तर अणुऊर्जा नियामक परिषद जाब विचारते. त्या माणसाच्या अंगावर किती पडलं याचा कागद असतो.

तुमच्या वडिलांच्या अंगावर तीस वर्षांत किती पडलं, याचा कागद कुठाय?

आपल्या द्राक्षांचा असतो. २०१० साली युरोपात आपले कंटेनर क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशापायी अडले, तेव्हापासून निर्यातीचा शेतकरी पीपीएम (दहा लाखांत एक भाग) हा शब्द पाठ करून बसलाय. जिथं वेगळी मर्यादा ठरलेली नाही तिथं युरोप किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतो. मणी किती दिवस आधी फवारला, कशानं फवारला, सगळी नोंद. पण मणी फवारणाऱ्या माणसाचं रक्त काढून त्यातलं कोलिनेस्टरेज (काही कीटकनाशकांनी दबणारं एन्झाइम) बघावं, असं मला सव्वीस वर्षांत एकाही बागायतदारानं आपणहून विचारलेलं नाही. तपासणी साधी आहे, महागडी नाही. १९७१ चे कीटकनाशक नियम फवारणीवर ठेवलेल्या माणसांची वैद्यकीय तपासणी आणि संरक्षक कपडे सांगतात. ते पुस्तकातच राहिले.

‘कधी त्रास झाला नाही’ हे वाक्य मी रोज ऐकतो. नीट विचारलं की कळतं, फवारणीच्या रात्री डोकं दुखतं, मळमळतं, जेवण जात नाही, डोळ्यांपुढे अंधुक होतं. ‘ते काय, उन्हाचं असतंय.’ काही वेळा उन्हाचं असतंही. पण प्रत्येक फवारणीच्या संध्याकाळी ऊन कसं लागतं?

माझीच चूक सांगतो. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं, छाटणीनंतरचे दिवस, रात्रीचं लोडशेडिंग. ट्रॅक्टरच्या ब्लोअरवर (फवारणी यंत्रावर) काम करणारा बाविशीचा पोरगा उलट्या-जुलाब घेऊन आला. घामानं निथळत होता. दुपारी शिळं खाल्लेलं, म्हणून मी पोटाचा विकार धरला, सलाईन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं. तासाभरानं छातीत घुर्रघुर्र सुरू झाली, तोंडातून लाळ. लाइट आली आणि मी त्याचे डोळे पाहिले. इतका वेळ अंधारात असलेल्या माणसाच्या बाहुल्या मोठ्या हव्यात, त्या मोहरीच्या दाण्याएवढ्या होत्या. ऑरगॅनोफॉस्फेट, म्हणजे कीटकनाशकाची विषबाधा. अ‍ॅट्रोपीन हा उतारा सुरू केला आणि तेव्हा कुठं लक्षात आलं की त्याचा सदरा तसाच अंगावर आहे, औषधानं भिजलेला. मी हातातून सलाईन देत होतो आणि पाठीतून सदरा विष देत होता. पोरगा वाचला. चौथ्या दिवशी मान धरवेना झाली होती, तेही टळलं. (ही दुसरी लाट एक ते चार दिवसांत येते, म्हणून ‘बरं वाटतंय, घरी सोडा’ असा हट्ट धरू नका.) तेव्हापासून आमच्याकडे पहिली सूचना एकच, आधी कपडे उतरवा आणि साबणानं अंघोळ घाला.

लोकांना वाटतं विष नाकातून जातं, म्हणून तोंडाला टॉवेल बांधतात. ओला टॉवेल तर विषाची पट्टीच होतो. फवारणीत अंगात जाणारं बहुतेक विष कातडीतून जातं, आणि कातडी सगळीकडे सारखी नसते. १९७१ साली अमेरिकेत माणसांवर मोजून पाहिलं होतं. पॅराथिऑन हे कीटकनाशक कोपराखालच्या हाताला लावलं तर जेमतेम ९ टक्के आत गेलं, अंडकोशाच्या कातडीला लावलं तर जवळजवळ सगळंच. आता पाठीवरचा गळका पंप डोळ्यांपुढे आणा. टोपणाखालून ओघळ निघतो, पाठीवरून कमरेला, कमरेवरून चड्डीत. माणूस चार तास तसाच ओळी धरून चालतो. वर बनियन वाळून जातो, खाली ओलच असते. ती चड्डी मग घरची बाई हातानं धुते, पोरांच्या शाळेच्या कपड्यांबरोबर.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापूस फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हा आपल्याकडचे लोक म्हणाले, ते विदर्भात, आपली बाग वेगळी. बागेत फवारण्या उलट जास्त. डाऊनी आणि भुरी या बुरशीरोगांच्या धास्तीनं ढग दिसला की पंप निघतो. फरक इतकाच की बुरशीनाशकं सहसा त्याच रात्री पाडत नाहीत. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या पुड्यावर हिरवा त्रिकोण असतो, लोक त्याला निरुपद्रवी समजतात. लाल अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा, ही उतरंड एकाच वेळी पोटात गेलं तर काय होईल याची आहे. वीस वर्षं थोडं थोडं गेलं तर काय, ते हा त्रिकोण सांगत नाही. मॅन्कोझेबपासून बनणारा एक पदार्थ थायरॉइडला बाधतो. युरोपनं २०२० च्या अखेरीस त्याची परवानगी पुढं चालू ठेवली नाही.

कॅन्सरचंच म्हणाल तर त्याच कॅन्सर संस्थेनं २०१५ साली मॅलॅथिऑन हे कीटकनाशक आणि ग्लायफोसेट हे तणनाशक ‘बहुधा कॅन्सरकारक’ गटात टाकले. टॉवरपेक्षा एक पायरी वर. ग्लायफोसेटबद्दल काही देशांच्या सरकारी यंत्रणांचं मत वेगळं आहे, वाद चालू आहे. पण उसाच्या बांधाला तणनाशक मारतो म्हणून ग्रामसभा बोलावल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. बाजारातली द्राक्षं खाणाऱ्यानं मात्र घाबरू नये, धुऊन खुशाल खावीत. खाणाऱ्याच्या वाट्याला येतं ते अंशात, फवारणाऱ्याच्या अंगावर पडतं ते लिटरमध्ये.

फळछाटणीच्या हंगामातला एक प्रकार तुमच्या गावातही घडत असणार. काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून तिला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. काम दिवसभराचं, मजुरी चांगली, संध्याकाळी मंडळी दारूला बसतात. अर्ध्या तासात चेहरा बिटासारखा लाल, छाती धडधडते, उलट्या, चक्कर. एकदा एकाच टोळीतले तिघे आले, त्यातल्या एकाचा वाटेत नारळ-लिंबू उतरवून झालेला. सायनामाइड यकृतातलं दारू पचवणारं एक एन्झाइम अडवतं आणि अर्धवट पचलेली दारू विष होऊन रक्तात साठते. काही देशांत दारू सोडवायला डॉक्टर हेच रसायन देत आले आहेत. पेस्ट लावायच्या आदल्या दिवसापासून नंतर आठवडाभर थेंबही नको. टोळीच्या मुकादमाला हे सांगा. डॉक्टरचं न ऐकणारे त्याचं ऐकतात.

मग टॉवरला का भ्यायचं आणि पंपाला का नाही? माझा अंदाज असा. टॉवर दुसऱ्यानं आणला, आपल्याला न विचारता. बाटली आपण पैसे मोजून, दुकानदाराशी गप्पा मारून, घरी आणली. शिवाय तिचं नावच आपण ‘औषध’ ठेवलंय. बागेला औषध मारायचं, गोचिडाला औषध, ढेकणाला औषध. रात्री दवाखान्याच्या दारात नातेवाईक म्हणतात, ‘डाक्टर, औषध घेतलंय.’ आणि आम्हाला विचारावं लागतं, कुठलं? भोपाळचंच बघा. १९८४ साली हजारो माणसं मेली ती अणुभट्टीनं नव्हे. युनियन कार्बाइडच्या त्या कारखान्यात कार्बारिल हे कीटकनाशक तयार होत होतं आणि त्याचाच कच्चा माल, मिथाइल आयसोसायनेट, बाहेर पडला. तो आपल्या डोक्यात ‘गॅसकांड’ म्हणून राहिला, औषधाचं कांड म्हणून नाही.

‘औषध घेतलंय’ याबद्दल थोडंच लिहितो. श्रीलंकेनं १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली. आत्महत्या पुढच्या वीस वर्षांत जवळपास सत्तर टक्क्यांनी खाली आल्या आणि शेतीचं उत्पन्न घटलं नाही. ती वेळ बहुतेकदा थोडक्या मिनिटांची असते, बाटली हाताशी नसली तर टळून जाते. म्हणून औषधांची पेटी कुलपात आणि घराबाहेर, बागेतल्या शेडवर. धान्याच्या खोलीत नको, पलंगाखाली तर नकोच. रिकामे कॅन फोडून टाका, त्यांत पाणी-रॉकेल भरू नका. थंड पेयाच्या बाटलीत उरलेलं औषध काढून ठेवू नका. तसल्या बाटलीनं आलेली लहान पोरं मी पाहिली आहेत.

कुणाला औषध चढलं तर १०८ ला फोन करा, अंगावरचे कपडे काढा, साबण आणि भरपूर पाणी. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, दूध-तूप-तेल देऊ नका. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. बाटली किंवा तिच्यावरचं लेबल बरोबर आणा. ‘निळ्या झाकणाचं होतं’ एवढ्यावर आम्हाला उपचार ठरवता येत नाहीत.

आता वडिलांच्या छातीचं. तीस वर्षं बाग म्हणजे तीस वर्षं बोर्डो हे बुरशीनाशक. शंभर लिटरला किलोभर मोरचूद (तांब्याचा क्षार), किलोभर चुना, ते निळसर धुकं. १९६९ साली पोर्तुगालमधल्या डॉक्टरांनी द्राक्षबागेत बोर्डो फवारणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांत तांब्याचे कण साठलेले आणि निळसर चट्टे पडलेले दाखवले. काहींची फुप्फुसं कडक होत गेली होती. कोरडा खोकला आणि दम. वडिलांना तेच आहे असं मी इथं बसून म्हणत नाही. क्षयरोग असू शकतो, हृदयाचं काही असू शकतं, दुसरंच काही निघेल. पण छातीच्या डॉक्टरांना कुणी सांगितल्याशिवाय हा विचार त्यांच्या डोक्यात येईलच असं नाही, आणि आईंना ज्या स्कॅनची भीती वाटते तोच स्कॅन हे दाखवू शकतो. म्हणून जाण्याआधी एका वहीच्या कागदावर लिहून न्या. कुठली कुठली औषधं, किती वर्षं, वर्षाला साधारण किती फवारण्या, बोर्डो कोण कालवतं, ब्लोअर की पाठीवरचा पंप, शेवटची फवारणी कधी. त्याच वेळी कोलिनेस्टरेजचं रक्तही द्या. निदान होईपर्यंत वडिलांनी फवारायचं नाही, कालवायचंही नाही.

आणि पंप आजच उघडा. टोपणाचा वायसर बहुतेक झिजलेला असेल, तालुक्याला कुठल्याही पंपाच्या दुकानात मिळतो. जुना काढून बरोबर न्या, म्हणजे मापाचा मिळेल. आणि तो काढताना हातात रबरी मोजे घाला.